उतारवयात रंगीत भाज्या आणि फळे: सुरुवात कोठून आणि कशी करावी

साठी-पासष्टीनंतर शरीराला लागणारी ऊर्जा हळूहळू कमी होते, कारण हालचाल कमी होते आणि स्नायूंचे प्रमाणही घटते. जीवनसत्त्वे, क्षार, चोथा आणि प्रथिने यांची गरज मात्र तेवढीच राहते, किंबहुना प्रथिनांची तर थोडी वाढते. म्हणजे जेवण कमी झाले तरी त्यातील प्रत्येक घासाकडून अपेक्षा वाढलेली असते, आणि भाज्या-फळांचे महत्त्व या वयात वाढते ते याच कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे सुचवली आहेत, म्हणजे साधारण ८० ग्रॅमचे पाच वाटे. या हिशेबात बटाटा आणि तत्सम पिष्टमय कंद धरले जात नाहीत.

वजनकाटा घेऊन रोज ४०० ग्रॅम मोजणे कोणाकडूनही फार दिवस होत नाही. म्हणून रंगांचा आधार घेतला जातो. वनस्पतींतील निरनिराळ्या रंगांमागे निरनिराळी द्रव्ये असतात, आणि दिवसभरात ताटात तीन-चार रंग आले तर पोषणातही आपोआप विविधता येते. रंग ही लक्षात ठेवण्याची सोय आहे. ते औषध नव्हे आणि त्याने कोणताही आजार बरा होत नाही. हे आधीच स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण ज्येष्ठांच्या बाबतीत एखाद्या फळाविषयी ऐकीव माहितीवरून फार मोठ्या आशा धरल्या जातात आणि त्या भरात चालू असलेल्या गोळ्यांकडे दुर्लक्ष होते.

पुढील मार्गदर्शन स्वतःसाठी आहार बदलू पाहणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे, तसेच आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या जेवणाची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या कुटुंबीयांसाठीही आहे.

पहिली पायरी: बाजारात जाण्याआधी गोळ्यांची यादी पाहावी

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. तरुण माणसाने एकदम दुप्पट भाजी खायला सुरुवात केली तर फार तर पोट फुगेल. पण रोज पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत तोच बदल औषधाच्या परिणामात फरक पाडू शकतो.

रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. पालक, कोबी, ब्रोकोली यांसारख्या भाज्यांत जीवनसत्त्व के असते आणि ते वॉरफेरिनच्या उलट दिशेने काम करते. यावरून अनेक जण हिरवी भाजी कायमची बंद करतात, परंतु तसे करणे योग्य नाही. हिरव्या भाजीचे प्रमाण आठवड्यातून आठवड्याला साधारण सारखे राहावे, कारण डॉक्टर गोळीची मात्रा त्या नेहमीच्या आहाराला धरूनच ठरवतात. महिनाभर पालेभाजी नाही आणि मग अचानक रोज दोन वेळा, असा चढउतार धोकादायक ठरतो. प्रमाण वाढवायचे असल्यास आधी डॉक्टरांना कळवावे आणि त्यानुसार आयएनआर ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी करून घ्यावी. अपिक्साबान किंवा रिव्हारोक्साबान यांसारख्या नव्या औषधांना जीवनसत्त्व के ची ही अडचण लागू होत नाही. म्हणून ‘रक्त पातळ करणारी गोळी’ एवढ्यावर न थांबता तिचे नाव माहीत करून घ्यावे.

दुसरा प्रश्न पोटॅशियमचा. केळी, संत्री, टोमॅटो, पालक, बटाटा आणि नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे नीट काम करत असतील तर ते उपयुक्तच आहे, कारण रक्तदाब आटोक्यात राहण्यास त्याची मदत होते. मूत्रपिंडांचे काम मंदावले असेल तर मात्र ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन या औषधांनीही रक्तातील पोटॅशियम वाढते. अशा व्यक्तींनी भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे पोटॅशियमचा बराचसा भाग निघून जातो. पण कोणती भाजी किती घ्यावी हे रक्ततपासणी पाहून डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनीच ठरवावे. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ अनेकदा पोटॅशियम क्लोराइडचे असते, हेही येथे ध्यानात ठेवावे. स्टारफ्रूट हे फळ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मुळीच खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात, पण रुग्णांमध्ये त्याचा परिणाम मेंदूवर होतो. न थांबणारी उचकी, गोंधळलेपणा आणि झटके येऊन मृत्यू ओढवल्याच्याही नोंदी आहेत.

तिसरी गोष्ट ग्रेपफ्रूटची. हे फळ आतड्यातील एका विकराचे काम थांबवते, आणि त्यामुळे काही औषधे नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात शिरतात. सिम्वास्टॅटिन, अटॉर्व्हास्टॅटिन, निफेडिपिन आणि फेलोडिपिन ही त्यांतील काही नावे. परिणाम एक दिवसाहून अधिक टिकत असल्याने ‘गोळी रात्री घेतो, फळ सकाळी खातो’ ही तोड उपयोगी पडत नाही. पपनसातही तशीच द्रव्ये असतात. नेहमीच्या गोड संत्र्याबाबत ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

मधुमेह असेल तर फळे वर्ज्य नाहीत, पण एका वेळी एक वाटा एवढाच हिशेब ठेवावा आणि फळ रसाच्या रूपात न घेता चावून खावे.

दुसरी पायरी: तोंड, दात आणि गिळणे

भाजी खात नाहीत म्हणून ज्येष्ठांना हट्टी ठरवणे सोपे असते. प्रत्यक्षात अनेकदा त्यांना ती चावता येत नसते. कवळी सैल झालेली असते, हिरड्या दुखत असतात, किंवा औषधांमुळे तोंडाला कोरड पडलेली असते आणि कोरड्या तोंडात कच्चे गाजर किंवा कोबी म्हणजे शिक्षाच असते. लहान बिया कवळीखाली अडकल्या की वेदना होतात, आणि तो अनुभव एकदा आला की ते फळ कायमचे नाकारले जाते. म्हणून आवडत नाही असे म्हणणाऱ्या व्यक्तीला शांतपणे विचारावे की चव आवडत नाही, चावायला त्रास होतो, की नंतर पोट दुखते. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

जेवताना वारंवार ठसका लागणे, घास गिळल्यानंतर आवाज ओलसर किंवा घोगरा होणे, पाणी पिताना खोकला येणे ही गिळण्याच्या दोषाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावे, कारण अन्नाचा कण श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. तशी लक्षणे नसली तरी द्राक्षे आणि लहान टोमॅटो अख्खे न देता उभे चिरून द्यावेत.

तिसरी पायरी: सध्या काय खाल्ले जाते ते लिहावे

तीन-चार दिवस वहीत फक्त एवढेच लिहावे: कोणत्या वेळी, कोणती भाजी किंवा फळ, अंदाजे किती. चांगले-वाईट ठरवू नये. बहुतेक वेळा असे दिसते की दोन-तीनच भाज्या फिरून फिरून येतात, एखादा रंग पूर्णपणे गायब असतो आणि सकाळच्या न्याहारीत भाजी-फळ अजिबात नसते. बदल तेथूनच करावा. आहे ते सर्व मोडून नवे उभारण्यापेक्षा, आवडीच्या पदार्थात एक रंग मिसळणे ज्येष्ठांना मानवते.

चौथी पायरी: रंगांची ओळख करून घ्यावी

लाल रंगात टोमॅटो हा सर्वांत सोयीचा, आणि उतारवयात तर अधिकच, कारण तो शिजवल्याने अधिक उपयुक्त होतो. त्यातील लायकोपीन हे द्रव्य पेशींच्या भिंतींत अडकलेले असते; उष्णतेने ते सुटे होते आणि थोडे तेल असेल तर आतड्यात चांगले शोषले जाते. कलिंगडातही लायकोपीन असते. बिटाचा लाल रंग मात्र निराळ्या द्रव्याचा असतो. बिटातील नायट्रेटपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब थोडा उतरू शकतो. बीट खाल्ल्यावर लघवी किंवा शौच लालसर होऊ शकते. हे आधी सांगून ठेवले नाही तर घरात विनाकारण घबराट होते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र बीट आणि पालक बेताने घ्यावेत, कारण दोन्हींत ऑक्झलेट जास्त असते.

गाजर, लाल भोपळा, रताळे, पपई आणि आंबा यांचा नारिंगी-पिवळा रंग बीटा-कॅरोटीनचा. शरीर त्यापासून जीवनसत्त्व अ बनवते, आणि डोळे, त्वचा व रोगप्रतिकारशक्ती यांना ते लागते. येथेही शिजवणे आणि किंचित तेल फायद्याचेच. भोपळा आणि गाजर मऊ शिजत असल्याने कमी दात असलेल्यांची ही पहिली पसंती असावी. फार दिवस फार गाजर खाल्ल्यास तळहात पिवळसर दिसू शकतात. ते निरुपद्रवी आहे. परंतु डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा दिसत असेल तर ती कावीळ असू शकते आणि लगेच तपासणी हवी. संत्री-मोसंबी याच रंगात मोडतात, पण त्यांचे मोल आहे जीवनसत्त्व क साठी.

हिरव्या रंगाविषयी मी थोडा आग्रही आहे. गडद हिरव्या पालेभाज्यांत फोलेट, जीवनसत्त्व के आणि मॅग्नेशियम असतेच, शिवाय ल्युटिन आणि झियाझँथिन ही दोन पिवळी द्रव्ये असतात. हिरव्या रंगाखाली ती झाकलेली असतात एवढेच. डोळ्याच्या पडद्याचा जो मध्यबिंदू आपल्याला वाचायला आणि चेहरे ओळखायला उपयोगी पडतो, तेथे नेमकी हीच द्रव्ये साठतात. वयोमानाने या भागाची झीज होते, आणि गेलेली दृष्टी पालेभाजीने परत येत नाही. तरीही पोषणाचा हा पुरवठा नियमित राहावा, असे सांगण्यास हे कारण पुरेसे आहे. पालेभाजीतील लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून तिच्यावर लिंबू पिळावे किंवा सोबत जीवनसत्त्व क असलेले एखादे फळ घ्यावे.

जांभळ्या-निळ्या रंगाचा वाटा बहुतेक ताटांत सर्वांत कमी असतो. काळी द्राक्षे, जांभळा कोबी आणि वांग्याची साल यांत अँथोसायनिन असते. वांगे सोलून शिजवले तर हा रंग फेकून दिल्यासारखे होते. साल चिवट लागत असेल तर वांगे बारीक चिरून पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावे.

पांढरा रंग रंगीत नाही म्हणून वगळू नये. कांदा, लसूण, फ्लॉवर, मुळा आणि मशरूम यांचे स्वतःचे गुण आहेत. लसणाची पाकळी ठेचल्यावरच तिच्यातील मुख्य गंधक-द्रव्य तयार होते, म्हणून ती ठेचून काही मिनिटे तशीच ठेवावी आणि मग शिजवावी.

पाचवी पायरी: शिजवण्याची पद्धत

कच्चे तेच पौष्टिक हा समज ज्येष्ठांवर अन्याय करतो. जीवनसत्त्व क आणि फोलेट उष्णतेने कमी होतात आणि पाण्यात उतरतात हे खरे. पण टोमॅटो-गाजराचे आधी पाहिलेच आहे, आणि ज्या भाजीला दात पोहोचत नाहीत तिच्यातील जीवनसत्त्वे कोणाच्याच कामाची नाहीत. म्हणून भाजी वाफवावी किंवा थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी, आणि उरलेले पाणी टाकू नये. अर्थात ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायचे आहे त्यांचा अपवाद आहे. सुरीने दाबल्यावर सहज दबेल इतकी ती मऊ असावी. देठ आणि धागे काढून टाकावेत.

घट्ट सूप हा फार चांगला मार्ग आहे, पण ते गाळू नये, कारण गाळणीत चोथाच मागे राहतो. सफरचंद किंवा पेर कडक वाटत असेल तर फोडी थोड्या पाण्यात मऊ शिजवून घ्याव्यात. साखरेची गरज पडत नाही. वाटाणे, फ्लॉवर, पालक गोठवलेले मिळत असतील तर ते निःसंकोच वापरावेत. काढणीनंतर लवकर गोठवल्यामुळे त्यांतील पोषण चांगले टिकते आणि निवडण्या-चिरण्याचे श्रम वाचतात, जे संधिवाताने बोटे आखडलेल्या व्यक्तीसाठी फार मोलाचे आहे. डबाबंद भाज्या घ्याव्या लागल्यास त्यांतील खारे पाणी ओतून, भाजी धुऊन घ्यावी.

वयाबरोबर चव आणि वास दोन्ही मंदावतात, त्यामुळे भाजी बेचव लागते आणि हात मिठाकडे जातो. त्याऐवजी लिंबाचा रस, आले, लसूण, मिरी, जिरे आणि ताजी कोथिंबीर किंवा पुदिना यांचा वापर वाढवावा.

सहावी पायरी: ताट कसे भरावे

साधारण अर्धे ताट भाज्या आणि फळांचे, पाव ताट धान्याचे आणि पाव ताट प्रथिनांचे, ही विभागणी सर्वसाधारणपणे योग्य आहे. परंतु ज्यांची भूक अगदी थोडी आहे किंवा ज्यांचे वजन घटत आहे, त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी लागू करू नये. भाजीत पाणी आणि चोथा जास्त असल्याने पोट लवकर भरते आणि डाळ, अंडे, दूध, मासे ताटातच राहतात. पासष्टीपुढील निरोगी व्यक्तीला दर किलो वजनामागे १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हा आकडा डॉक्टर ठरवतात. प्रथिने कमी पडली तर स्नायू झिजतात आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून कमी भूक असलेल्या व्यक्तीने प्रथिनांचा पदार्थ आधी खावा, भाजीत थोडे जास्त तेल किंवा दाणे घालावेत, आणि फळ जेवणासोबत न घेता मधल्या वेळेस घ्यावे. भाज्या आणि फळांत जीवनसत्त्व बी-१२ नसते, हेही विसरू नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तर ते आणखी कमी होऊ शकते.

नजर अधू झालेल्या व्यक्तीसाठी ताटाचा रंगही महत्त्वाचा असतो. डोळ्यातील भिंग वयाने पिवळसर होते आणि फिकट रंगांतील फरक ओळखू येत नाही, त्यामुळे पांढऱ्या ताटातील फ्लॉवर अक्षरशः दिसत नाही. गडद ताटात फिकट भाजी आणि फिकट ताटात गडद भाजी वाढावी, आणि जेवणाच्या जागी भरपूर उजेड असावा.

सातवी पायरी: सावकाश वाढवावे

आठवड्याला एकच वाटा वाढवावा. चोथा एकदम वाढला तर वायू, पोट फुगणे आणि मुरडा यांचा त्रास होतो, आणि पुरेसे पाणी नसेल तर बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा हवा, पण तेथे पोहोचायला महिना-दीड महिना लागला तरी हरकत नाही. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून पाणी तहानेवर न सोडता ठरावीक वेळी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तीच पाळावी.

फळांच्या रसाने हे काम भागत नाही. रसात चोथा जवळजवळ नसतो आणि त्यातील साखर मोकळ्या, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारख्याच, साखरेत धरली जाते. रंगद्रव्यांच्या गोळ्यांबद्दल तर अधिक सावध राहावे. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी अधिक आढळला. गाजर-भोपळा खाण्याने असा धोका दिसलेला नाही.

आठवी पायरी: स्वच्छता

वयाबरोबर प्रतिकारशक्ती उणावते, आणि तरुणाला एक दिवस त्रास देणारा जंतू ज्येष्ठाला रुग्णालयात नेऊ शकतो. फळ सोलायचे असले तरी आधी वाहत्या पाण्यात चोळून धुवावे, कारण सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात जातात. २०११ मध्ये अमेरिकेत खरबुजांतून पसरलेल्या लिस्टेरिया या जंतूच्या साथीत ३० हून अधिक माणसे दगावली आणि त्यांत बहुतेक वयस्कर होती. साबण वापरू नये. कापलेली फळे दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत. मोड आलेली कडधान्ये कच्ची न देता नीट शिजवून द्यावीत, कारण मोड आणणारा दमटपणा जंतूंनाही पोसतो.

बदल सुरू केल्यावर महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी आणि एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले (६० किलोच्या व्यक्तीत तीन किलोहून जास्त), शौचाच्या सवयीत अचानक बदल झाला, शौचातून रक्त गेले किंवा जेवणावरची वासनाच उडाली, तर आहारात आणखी फेरफार करत बसू नये. वही आणि गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे.